"अनुदान मंजूर झालंय, फक्त फी भरा": एका ताईंच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग बाकीचं बोलू. ते १८,५०० भरू नका. आज पाचच्या आत तर नाहीच, पण उद्या त्यांनी निम्मे करून दिले तरी नाही. पाच लाख कुठूनच यायचे नाहीत, कारण तशी फाईलच कुठल्या बँकेत नाहीये.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताईंच्या मिस्टरांचा छोटा टेम्पो आहे, त्याचं लोन, शिवाय बचत गटातून आणि दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून उचललेले पैसे, सगळं मिळून ४ लाख ८० हजारांच्या आसपास देणं. व्हॉट्सॲपवर एक पत्र आलं, वर राजमुद्रा, बाजूला पंतप्रधानांचा फोटो, "मुद्रा योजनेअंतर्गत कर्जमुक्ती अनुदान", ५ लाख मंजूर, त्यातले निम्मे परत करायचे नाहीत, सिबिल (म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद) बघणार नाही. फाईल चार्ज म्हणून २,६५० भरले, मग इन्शुरन्स म्हणून ८,४००, आणि आता जीएसटी आणि आरबीआयची एनओसी (ना हरकत पत्र) म्हणून आज पाचच्या आत १८,५०० मागतायत, नाही भरले तर फाईल कॅन्सल आणि वर केस करू अशी धमकी. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही.

मी ३१ वर्षं एका सरकारी बँकेत होतो, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांमध्ये लोन डेस्कवर गेली, रिटायर झाल्यावर तीन वर्षं वित्तीय साक्षरता केंद्रात समुपदेशक म्हणून बसलो. असली पत्रं घेऊन आलेली माणसं मी इतकी बघितली की आता नुसता मोबाईल पुढे केला तरी पहिल्या दोन ओळींत कळतं. त्यामुळे लांब लिहितोय, कंटाळा आला तर शेवटच्या भागापर्यंत उडी मारा, पण तो भाग वाचाच.

पहिली गोष्ट, तुम्ही लिहिलंय "मी मूर्खासारखं वागले". नाही हो. लोक म्हणतात लोभ सुटला म्हणून फसले. मला तीन वर्षांत लोभी माणूस क्वचितच भेटला, भेटली ती हिशोब करणारी माणसं. महिन्याला सगळे हप्ते मिळून १६-१७ हजार जातायत, येणं २२ हजार, अशा घरात २,६५० रुपयांचा जुगार हा जुगार वाटतच नाही, कारण लागला तर सगळ्यातून सुटका आणि गेला तर एका आठवड्याचा किराणा. आणि ती पहिली रक्कम ठरवलेलीच अशी असते की ती भरताना घरात कुणाला विचारायची गरज पडत नाही. १,७५०, २,१००, २,६५०, ४,५०० असले आकडे. दहा हजार मागितले असते तर तुम्ही मिस्टरांना विचारलं असतं, आणि ते म्हणाले असते थांब जरा.

दुसऱ्यांदा भरताना मात्र हिशोब बदलतो. ८,४०० तुम्ही पाच लाखांसाठी भरले नाहीत, आधीचे २,६५० बुडू नयेत म्हणून भरले. आणि आता १८,५०० चा विचार करताय तो ११,०५० वाचवायला. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, त्यांनी अकरा वेळा पैसे भरले होते, एकूण १ लाख ८६ हजार, आणि प्रत्येक रक्कम डायरीत तारखेसकट लिहिलेली, वर मथळा "येणे बाकी". शिकलेला, हिशोबी माणूस. त्यांच्या हिशोबीपणामुळेच ते अडकले, कारण "रिफंडेबल" हा शब्द त्यांनी येण्याच्या बाजूला धरला होता.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा प्रश्न होता "हे पत्र खरं की खोटं कसं ओळखायचं". सही शिक्का बघून ओळखायच्या भानगडीत पडूच नका, आजकाल कोणीही पाच मिनिटांत राजमुद्रा चिकटवतं. मी वेगळंच बघतो. पत्रात पैसा कशासाठी देतोय म्हणतात ते बघतो. "तुमची कर्जं फेडायला सरकार अनुदान देतंय" असं वाक्य आलं की माझ्यासाठी तिथेच विषय संपला, कारण खाजगी फायनान्सचं, मायक्रोफायनान्सचं, क्रेडिट कार्डचं, सावकाराचं कर्ज फेडायला तुमच्या हातात पैसे ठेवणारी केंद्राची किंवा राज्याची एकही योजना माझ्या सगळ्या नोकरीत मी राबवली नाही आणि माझ्या टेबलावर कधी आली नाही.

शेतकरी कर्जमाफी झाली ना, मग? झाली. महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत, मग डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळेला मी शाखेत होतो, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत याद्या तपासल्यात. पण ते पीककर्ज, बँकांचं आणि सोसायट्यांचं. २०१९ वाल्या योजनेत तर शेतकऱ्याला फॉर्मसुद्धा भरायचा नव्हता, बँकेनेच माहिती पाठवली, याद्या लागल्या, शेतकऱ्याने जाऊन अंगठा लावून आधार प्रमाणीकरण केलं आणि रक्कम सरकारकडून थेट त्याच्या कर्जखात्यात. शेतकऱ्याच्या हातात रुपया आला नाही आणि त्याच्या हातातून रुपया गेलाही नाही. कर्जमाफीची चर्चा पेपरात सुरू झाली की असले मेसेज दुप्पट होतात, तेवढं लक्षात ठेवा.

मुद्राचं सांगतो कारण तुमच्या पत्रात तेच नाव आहे आणि फसवणारे सगळ्यात जास्त तेच वापरतात. योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु म्हणजे ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि २०२४ पासून तरुण प्लस २० लाखांपर्यंत, पण ते ज्यांनी आधीचं तरुण कर्ज नीट फेडलंय त्यांनाच. मुद्रा नावाची जी संस्था आहे ती तुम्हाला मला कर्ज देतच नाही, ती बँकांना मागून पैसा पुरवते, आपल्याला कर्ज देते ती आपली शाखा. आणि मुद्रामध्ये सबसिडी नाही. एक रुपया नाही. लोकांना वाटतं मुद्रा म्हणजे अर्धं माफ, हा गैरसमज मी काउंटरवर शेकडो वेळा खोडून काढला असेल. ते कर्ज आहे, धंद्यासाठी आहे, पूर्ण फेडायचं आहे, फक्त तारण मागत नाहीत. त्यामुळे "मुद्रामधून ५० टक्के अनुदान" हे वाक्य म्हणजे एसटीच्या तिकिटावर विमानात बसवतो म्हणण्यासारखं आहे. असली खोटी मुद्रा मंजुरी पत्रं सरकारच्याच पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकने वारंवार खोटी म्हणून जाहीर केलीत, तरी ती फिरतायतच, फक्त आकडा बदलून.

"सिबिल बघणार नाही" हेही त्याच जातीचं. बँक तुमचा धंदा बघेल, आधीचे हप्ते बघेल, थकबाकी असेल तर बहुतेक नाहीच म्हणेल. ते ऐकायला वाईट वाटतं पण खरी बँक अशीच वागते. ज्याला सगळीकडून नाही आलंय त्यालाच "आम्ही बघत नाही" हे गोड लागतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता सबसिडी असलेल्या योजना खरंच आहेत, आणि इथे जरा थांबून सांगावं लागेल कारण फसवणारे खऱ्या योजनेतले शब्द उचलतात. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या, २००८ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग वगैरे मार्फत. नवीन धंदा काढायला कर्ज, आणि प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के सबसिडी, शहर की गाव आणि तुम्ही कुठल्या गटात बसता त्यावर. महिला विशेष गटात येतात, म्हणजे गावात ३५ टक्के. ही सबसिडी कुणाच्या हातात मिळत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीसारखी अडकवून ठेवतात, मधे माणूस येऊन युनिट खरंच चालू आहे का ते बघून जातो, आणि तीन वर्षांनी ती तुमच्या कर्जात वळती होते. तीन वर्षं! तुमच्या पत्रात ४८ तासांत पैसे येतील असं लिहिलंय.

आणि या योजनेत एक शब्द आहे ज्याने किती लोकांना गंडवलंय काय सांगू. "मार्जिन मनी". पीएमईजीपीच्या कागदावर मार्जिन मनी म्हणजे सरकार देणार ती सबसिडी. पण आम्ही बँकवाले रोजच्या बोलण्यात मार्जिन म्हणतो ते कर्जदाराने स्वतः घालायच्या हिश्श्याला, म्हणजे या योजनेत ५ किंवा १० टक्के. मग फोनवरचा माणूस म्हणतो "मॅडम मार्जिन मनी भरावं लागतं, सरकारी वेबसाईटवर बघा लिहिलंय", तुम्ही बघता, शब्द खरंच असतो, आणि विश्वास बसतो. खरा हिस्सा तुम्ही आपल्याच खात्यात दाखवता किंवा मशीनवाल्याच्या बिलात आपल्या वाट्याचा जातो, कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर जात नाही. आणि अर्ज ऑनलाईन आहे, त्याला फी नाही. फॉर्म भरून देणारा सेवा केंद्रवाला त्याचे शंभर-दोनशे घेईल, तो त्याचा धंदा आहे, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

तसंच राज्य सरकारच्या अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना. नावातच परतावा आहे, म्हणजे आधी तुम्ही बँकेला हप्ता वेळेवर भरायचा, मग त्यातलं व्याज महामंडळ तुमच्या खात्यात परत देतं. म्हणजे इथेही आधी कर्ज खरं, बँक खरी, हप्ते खरे, आणि मग मदत. कुठल्याही योजनेत अनोळखी माणसाला आधी पैसे आणि मग सरकारी मदत असा उलटा क्रम मी पाहिला नाही. लाडक्या बहिणीचे १,५०० बघा, तुम्हालाही मिळत असतील, ते खात्यात यायला तुम्ही "रिलीज चार्ज" भरलाय का कधी?

बरं, बँका आगाऊ फी कधीच घेत नाहीत असंही नाही, खोटं कशाला बोलू. होमलोनला काही बँका लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करून घ्यायची फी घेतात, वकिलाच्या सर्च रिपोर्टचे, व्हॅल्युएशनचे पैसे लागतात, स्टॅम्प ड्युटी लागते. पण ते तुम्ही शाखेत जाऊन अर्ज केल्यावर, बँकेच्या नावाच्या खात्यात, पावतीसकट. आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा मंजूर रकमेतूनच कापली जाते. म्हणून मी नेहमी त्या भामट्यांना एक प्रश्न विचारायला सांगतो, "साहेब, पाच लाखांतून तुमचे १८,५०० कापून घ्या आणि ४,८१,५०० द्या". खरा असेल तर कापेल. मग बघा कशी उत्तरं येतात, सिस्टीम अलाऊ करत नाही, आरबीआयचा नियम आहे, सरकारी पैशाला हात लावता येत नाही. माझ्यासमोर एका रिक्षावाल्या दादांनी स्पीकरवर हा प्रश्न विचारला होता, समोरचा "मॅनेजर" इतका चिडला की हिंदीतून शिव्या द्यायला लागला. 

जीएसटीचं पण बघा. जीएसटी लागतो बँकेच्या फीवर, कर्जाच्या रकमेवर नाही. तुमचा फाईल चार्ज २,६५० धरला तर १८ टक्क्यांनी ४७७ रुपये होतात आणि तेही बँक फीबरोबरच घेते, वेगळा फोन करून मागत नाही. आरबीआयची एनओसी तर प्रकारच नाही. आरबीआय सामान्य माणसाचं बचत खातं उघडत नाही, त्याचे पैसे होल्ड करत नाही, त्याच्या कर्जाला ना हरकत देत नाही. ज्या पत्रावर गव्हर्नरची सही आणि तुमचं नाव एकत्र दिसेल ते पत्र खोटं, ताई, गव्हर्नरना टेम्पोच्या हप्त्याची फाईल बघायला वेळ नसतो.

अजून एक प्रकार तुमच्या नजरेस पडला नसेल पण पडेल, "कर्जमुक्ती प्रमाणपत्र". आम्ही लीगल फी घेतो, तुम्हाला कर्जमाफीचं सर्टिफिकेट देतो, मग हप्ते भरायची गरज नाही. यावर आरबीआयने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की असे लोक फी घेऊन प्रमाणपत्रं वाटतायत, त्यांना कसलाही अधिकार नाही. हा प्रकार मला जास्त वाईट वाटतो कारण यात फी तर जातेच, वर माणूस हप्ते भरायचं बंद करतो, दंड चढतो, आणि सहा महिन्यांनी गाडी ओढून नेतात. सीएसआर फंडातून वैयक्तिक कर्ज फेडून देतो म्हणणारेही आहेत, कंपन्यांचा तो पैसा सामाजिक प्रकल्पांना जातो, तुमच्या माझ्या उधारीला नाही.

पैसे कुठे गेले ते बघितलंत का? यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये "मुद्रा लोन फायनान्स" हे प्रोफाईलचं नाव आहे पण खाली पैसे घेणारा कोणीतरी साधा माणूस आहे, बचत खातं. दोन वेळा दोन वेगळी नावं. सरकारी योजनेचा पैसा वैयक्तिक बचत खात्यात भरायचा हे एवढं एकच कारण पुरे होतं. आणि ते नाव ज्याचं आहे तो बहुतेक खरा चोर नसतोच, त्याचं खातं भाड्याने घेतलेलं असतं.

यावरून एक सावधगिरी, कारण हे तुमच्यापर्यंत येऊ शकतं. बाईंकडे आता भरायला पैसे नाहीत असं दिसलं की ते नवीन ऑफर काढतात. "ठीक आहे मॅडम, तुमच्या खात्यात २५ हजार येतील, त्यातले २२ पुढे या नंबरवर टाका, बाकीचे फीमध्ये धरतो." हे चुकूनही करू नका. ते २५ हजार तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले असतात, आणि त्याने तक्रार केली की पहिलं खातं गोठतं ते तुमचं, मग दुसऱ्या राज्यातून पोलिसांची नोटीस. बचत गटातल्या एका बाईंचं असं झालं, फसल्या त्या आणि आरोपीच्या यादीत नावही त्यांचंच, खातं मोकळं करायला आठ महिने लागले. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड कुणालाही "व्हेरिफिकेशनसाठी" द्यायचं नाही.

तसंच पैसे परत मिळवून देतो म्हणणारे. हे हमखास येणार. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ११,०५० सापडलेत, रिफंड प्रोसेस करायला १,२०० भरा. बऱ्याचदा तीच टोळी असते, तुमचा नंबर आणि रक्कम त्यांच्याकडे आहेच.

केसच्या धमकीबद्दल. कर्ज न घेतल्याबद्दल कुणावर केस होत नाही. फाईल कॅन्सल केली म्हणून पोलीस येत नाहीत. गुन्हा झालाय तो तुमच्यावर, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे फसवणूक, आणि आयटी ॲक्टचं ६६ डी. त्यामुळे घाबरून उत्तर देऊ नका, उत्तरच देऊ नका. पण ब्लॉक करायच्या आधी सगळं चॅट, पत्र, नंबर, कॉल लिस्ट यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, बायका रागाने आधी चॅट डिलीट करतात आणि मग पुरावा उरत नाही, हे मी फार बघितलंय.

आता काय करायचं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, लगेच, हे वाचून झालं की. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. हाताशी ठेवा: दोन्ही व्यवहारांचा यूटीआर नंबर (यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की १२ आकडी दिसतो), तारीख, रक्कम, कुणाच्या यूपीआय आयडीवर गेले, तुमचं खातं. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून ठेवा. मग बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या, त्यात तोच नंबर घाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. साहेब म्हणतील "अर्जाची काय गरज", तरी घ्या, मी त्याच खुर्चीत बसायचो म्हणून सांगतो.

पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलंय आणि गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. पैसा मिनिटांत चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत तक्रार झाली तर कुठेतरी अडकायची शक्यता असते, तुमचे ८,४०० जाऊन दोन दिवस झालेत आणि २,६५० ला आठवडा, शक्यता कमी आहे. अडकलेच तर परत मिळू शकतात, पण वेळ लागतो. बँकेकडून भरपाईची अपेक्षा ठेवू नका, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आरबीआयचा २०१७ चा ग्राहक संरक्षणाचा नियम अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. तरी तक्रार करा, कारण ते खातं गोठलं तर पुढच्या बाईचे वाचतील, आणि उद्या तुमच्या कागदांवर कुणी काही उचललं तर तुमच्याकडे तारखेचा पुरावा राहील.

कागद म्हणजे आधार, पॅन, फोटो, कॅन्सल चेक, हे सगळं तुम्ही पाठवलंय. आधारचं बायोमेट्रिक एम-आधार ॲपमधून लॉक करा. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या वेबसाईटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिल आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, दोघांकडूनही काढा, मायक्रोफायनान्सवाले क्रिफकडे जास्त बघतात. अनोळखी कर्ज दिसलं तर लगेच हरकत नोंदवा. त्यांनी स्क्रीन बघायचं एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून यूपीआय पिन बदला.

राहिलं खरं कर्ज. ते या सगळ्यात तसंच आहे आणि भामटे नसते तरी होतंच. टेम्पोच्या फायनान्स कंपनीकडे मिस्टरांना घेऊन जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करा असा लेखी अर्ज द्या, तोंडी नको. हप्ता थकायच्या आधी गेलात तर ऐकतात, तीन महिने थकल्यावर सूर बदलतो. मायक्रोफायनान्सचं, आरबीआयच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असायला हवेत, तुमचा आकडा त्याच्या बराच वर आहे, म्हणजे दुसऱ्या कंपनीने देताना नीट बघितलंच नाही, हे अर्जात लिहा. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, हाही नियमच आहे. ऐकलं नाही तर कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआय लोकपाल, फुकट आहे, माहितीसाठी १४४४८. तडजोडीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोकअदालत आहे, आणि बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. सावकाराचं काही असेल तर लायसन आहे का ते सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या ऑफिसात विचारा, नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार होते.

आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम जुळवून बघणाऱ्या बँकेचं ऑफिस असतं, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे बँक ऑफ इंडिया, पुणे, साताऱ्याला बँक ऑफ महाराष्ट्र. तिथल्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना भेटून वित्तीय साक्षरता केंद्र कुठे आहे विचारा. सगळ्या कर्जांची पासबुकं आणि हप्त्यांची कार्डं एका पिशवीत घालून न्या, समुपदेशक बसून यादी करून देतो, पैसे घेत नाही. कुठल्याही योजनेचं पत्र आलं तर तेही तिथेच दाखवा, पाच मिनिटांचं काम.

शेवटचं, मिस्टरांना सांगायचं का. सांगा, आज रात्रीच. तुम्ही म्हणताय ते चिडतील, चिडतील थोडे. पण त्या फॉर्ममध्ये तुम्ही "पतीचा मोबाईल नंबर" हा रकाना भरलाय ना, स्क्रीनशॉटमध्ये दिसतोय. तुम्ही पैसे भरायचं थांबवलं की दोन-तीन दिवसांत फोन त्यांना जाईल, "तुमच्या पत्नीचे पाच लाख अडकलेत, फक्त १८,५०० बाकी आहेत", आणि त्यांना आधीचं काही माहीत नसेल तर ते टेम्पोच्या डिझेलचे पैसे काढून भरून मोकळे होतील.